सायकलीची राखण

चोरीपासून वस्तू राखण्याच्या ज्या युक्त्या मनुष्याने शतकानुशतके योजल्या, त्या बहुतेक सर्व एका गृहीतावर उभ्या होत्या. ते असे, की राखावयाची वस्तू एका जागी स्थिर आहे आणि चोर तिच्यापाशी बाहेरून येणार आहे. तिजोरी भिंतीत पुरावी, कोठाराला अडसर घालावा, वाड्याच्या दिंडीदरवाजाशी पहारेकरी बसवावा, खजिन्याच्या किल्ल्या पोतनिसाने जातीने बाळगाव्यात, ही सारी व्यवस्था त्या गृहीताशी सुसंगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल नगरांच्या रस्त्यांवर आली आणि हे गृहीत मोडले. ही मालमत्ता अशी, की तिचा धनी तिला दिवसातून चार ठिकाणी, उघड्या रस्त्यावर, परक्यांच्या डोळ्यांदेखत सोडून जातो. ती पळवण्यास गाडी, हमाल वा साथीदार लागत नाही, कारण चोरीचा माल हाच चोराचे वाहन होतो. आणि एकदा ती चौकाचे वळण ओलांडून गेली, की तिच्यासारख्याच शेकडो काळ्या सायकलींमध्ये तिचा मागमूस उरत नाही. या तीन अडचणींपैकी पहिल्या दोहोंचा विचार कुलूप घडवणाऱ्यांनी पुष्कळ केला. तिसरीचा, म्हणजे सायकलीला ओळख कशी द्यावी आणि त्या ओळखीवर नजर कोणी ठेवावी याचा विचार फार थोड्यांनी केला. आणि माझ्या मते सायकलीच्या राखणीचा खरा इतिहास या थोड्यांच्या उद्योगाचा आहे.

कुलपाचे सामर्थ्य कशावर ठरते, याचा धडा युरोपला सायकलीच्या पुष्कळ आधी मिळाला होता. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराच्या लंडनमधील पिकॅडिलीच्या दुकानात खिडकीशी एक कुलूप मांडलेले असे आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनी देण्याची जाहीर प्रतिज्ञा त्यापाशी लिहिलेली असे. हे आव्हान कित्येक दशके कोणालाच पेलले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने लंडनला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते अखेर उघडले, तेव्हा त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्चावे लागले. इंग्लंडात त्यावरून मोठी खळबळ उडाली. परंतु शांतपणे पाहता ब्रामाच्या कुलपाचा तो पराभव नव्हे, गौरवच होता. कोणतेही कुलूप चोराला कायमचे रोखत नाही. ते त्याचा वेळ घेते, आणि किती वेळ घेतला म्हणजे पुरे, हे भोवती वावरणारी माणसे ठरवतात. जेथे कोणाची ये-जा नाही अशा ठिकाणी ५१ तासांचे कुलूपही अपुरे पडेल, आणि जेथे शेजारी उंबऱ्यात बसलेले आहेत तेथे दोन मिनिटांचेही पुरेल.

कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन चाकांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. त्यानंतरच्या दहा वर्षांत श्रीमंतांचे खेळणे पाहता पाहता कारकुनाचे, शिक्षकाचे आणि गिरणीकामगाराचे वाहन झाले. आपल्याकडे या काळ्या, भारदस्त सायकली प्रथम बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमहून बोटीने आल्या आणि पुढे मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-राले, मद्रासची टी. आय., सोनीपतची अ‍ॅटलस व लुधियानाची हीरो अशा देशी कारखान्यांतून निघू लागल्या. त्यांच्याबरोबर आलेले कुलूप आजही खेडोपाडी पाहावयास मिळते. मागच्या चिमट्याच्या दोन्ही दांड्यांना स्क्रूने आवळलेले, नालेच्या आकाराचे ते लोखंडी कडे. किल्ली फिरवून खिट्टी ओढली की आतली कांब चाकाच्या आऱ्यांमधून आरपार जाते आणि चाक जागच्या जागी अडते. आतली रचना अगदी साधी, पट्ट्या दोन-तीन, त्यांवरील खाचांचे प्रकारही मोजके. त्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागण्याचा अनुभव विरळा नव्हता. शिवाय चाक अडले तरी सायकल खांद्यावर टाकून नेता येतेच. तरीही या कुलपाला हिणवणे मला अन्यायाचे वाटते. ते सायकलीला कायमचे जडलेले असते, म्हणून घरी विसरत नाही. ते लावण्यास एक क्षण पुरतो, म्हणून दुकानात चहाची पुडी घेण्यापुरते थांबतानाही माणूस ते लावतो. घरी खुंटीला टांगलेल्या भक्कम साखळीपेक्षा रोज लागणारे हे दुबळे कुलूप अधिक सायकली वाचवीत आले आहे.

परंतु चोरलेल्या सायकलीचे पुढे काय होते, हा प्रश्न कुलूपवाल्यांनी विचारला नाही. तो विचारला एका चित्रपटाने. व्हित्तोरिओ दे सीका यांचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांनी पुढल्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ काढला, हे चित्रपटरसिकांस ठाऊक आहे. दे सीका यांच्या चित्रपटातील करुणरसाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला येथे त्यातील एका प्रसंगाकडे, सायकलचोरीचा अर्थव्यवहार म्हणून, लक्ष वेधावयाचे आहे. युद्धोत्तर रोममधील बेकार आंतोनिओला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी सायकलीच्या अटीवर मिळते. पत्नी घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर चढला असता, ती चोरीस जाते. पोलीस चौकीत फिर्याद लिहून घेतली जाते आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्याचे मित्र त्याला जुन्या मालाच्या बाजारात नेतात आणि तेथे पोहोचताच कामाची वाटणी करतात: एकाने टायर पाहावेत, दुसऱ्याने सांगाडे, मुलाने घंटा आणि पंप. चोरीस गेलेली वस्तू सायकल म्हणून आता अस्तित्वातच नाही, तिचे सुटे भाग झाले असतील, हे त्या गरीब माणसांस अनुभवाने पक्के माहीत आहे. एक मनुष्य सांगाड्याला रंग देत असतो. संशय येतो, शिपायाला बोलावून क्रमांक दाखवण्यास भाग पाडतात, आणि तो क्रमांक जुळत नाही. टायरला क्रमांक नाही, घंटेला नाही, पंपाला नाही. साऱ्या बाजारात साक्ष देऊ शकेल अशी जागा एकच, आणि तीही रंगाखाली झाकता येण्याजोगी.

आपल्या कायद्याने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. मेकॉलेच्या मसुद्यावरून सिद्ध झालेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७९ ने चोरीस जेवढी, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची, शिक्षा सांगितली, तेवढीच कलम ४११ ने चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासही सांगितली. विकत घेणारा नसेल तर चोरणारा उरत नाही, हा त्यातील हिशेब. मात्र सायकलीच्या बाबतीत अशी तरतूद लुळी पडते. कारण माल चोरीचा आहे हे सिद्ध करण्यासाठी आधी तो कोणाचा आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि सांगाड्यावरचा क्रमांक खुद्द मालकालाच ठाऊक नसतो. तो सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या धुऱ्याच्या खालच्या अंगाला ठोकलेला असतो. खरेदीची पावती हरवलेली असते. फिर्यादीत ‘काळ्या रंगाची, चोवीस इंची’ एवढेच वर्णन लिहिले जाते. आणि त्या वर्णनाची मुद्देमालातली सायकल कोणाच्या हवाली करावी हे न कळल्याने ती ठाण्याच्या आवारात गंजत पडते.

ओळख आणि नजर या दोहोंचे सर्वांत मोठे आणि सर्वांत विलक्षण प्रयोग नेदरलँड्समध्ये झाले, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. १९२४ साली तेथील सरकारने सायकलींवर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून प्रत्येक सायकलीवर त्या वर्षाचा धातूचा बिल्ला लावणे सक्तीचे केले. हेतू महसुलाचा होता. परंतु त्यामुळे प्रत्येक सायकलीवर शासनाची एक डोळ्यांना दिसणारी मुद्रा आली. परिणाम अपेक्षेहून उलटा झाला. चोरांनी सायकल सोडून बिल्लाच चोरण्यास आरंभ केला, कारण तो खिशात मावे आणि सहज विकला जाई. तेव्हा लोक तो चामड्याच्या पट्टीवर लावून अंगरख्यावर वागवू लागले, म्हणजे जी ओळख सायकलीची होती ती स्वाराची झाली. मंदीच्या काळात बेकारांना फुकट बिल्ला देण्यात आला, पण त्याच्या मध्यभागी एक गोल छिद्र पाडलेले असे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास त्या छिद्रावरून स्वाराचे दैन्य वाचता येई. गरिबाला सवलत देताना त्याची इभ्रत अशी चव्हाट्यावर मांडणे हे क्रौर्य होते, आणि ओळखीची कोणतीही योजना आखणाऱ्याने ते छिद्र विसरू नये असे मला मनापासून वाटते. जर्मनांनी देश व्यापल्यावर १९४१ साली हा कर उठवला. आणि पुढल्याच वर्षी सरसहा सायकली जप्त करण्यास सुरुवात केली. ती जप्ती डच मनात एवढी खोल रुतली, की युद्धानंतर कित्येक वर्षे जर्मन पाहुण्यांना आणि फुटबॉलच्या मैदानावर जर्मन संघाला ‘आमची सायकल परत करा’ असे सुनावले जाई.

या पार्श्वभूमीवर २८ जुलै १९६५ रोजी ॲमस्टरडॅममधील स्पाउ चौकात, लिव्हर्ट्ये नावाच्या लहानग्या पुतळ्यापाशी, प्रोव्हो या तरुण बंडखोरांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगविल्या आणि त्या कोणीही घ्याव्यात व वापरून होईल तेथे सोडाव्यात, असे जाहीर केले. कल्पना लूट स्किमेलपेनिंक या अभिकल्पकाची होती. शहराच्या मध्यभागातून मोटारी हटवाव्यात आणि नगरपालिकेने लोकांसाठी वीस हजार पांढऱ्या सायकली पुरवाव्यात, अशी त्याची मागणी. पोलिसांनी त्या सायकली जप्त केल्या. कारण असे दाखवले, की कुलूप न लावता सायकल रस्त्यावर सोडणे हे चोरीस उत्तेजन असल्यामुळे कायद्याने मना आहे. तेव्हा प्रोव्होंनी सायकलींना आकड्यांची कुलपे लावली आणि तो आकडा सायकलीवरच रंगवून ठेवला. कायद्याचे अक्षर पाळले गेले, आणि त्या अक्षरामागे काही अर्थ आहे काय हा प्रश्नही उभा राहिला.

पांढऱ्या सायकलीकडे तरुणांची थट्टा म्हणून पाहणाऱ्यांनी तिच्यातील अभिकल्पाचे मर्म हेरले नाही. जी वस्तू मागावी तेव्हा फुकट मिळते, ती चोरण्यात लाभ नाही. आणि जिचा रंग साऱ्या शहरास ठाऊक आहे, ती विकण्यास बाजार नाही. कुलपाने हात अडवण्याऐवजी स्किमेलपेनिंकने चोरीचा मोबदलाच नाहीसा करून पाहिला. उणीव होती ती दुसऱ्या अंगाची: प्रत्येकाच्या मालकीच्या सायकलीकडे पाहणारा, तिचे पंक्चर काढणारा, ती कोठे गेली हे विचारणारा कोणीच नव्हता. पुढे नगरसभेत निवडून गेल्यावर त्याने ही योजना पालिकेच्या खर्चाने चालवावी म्हणून पुन्हा मांडली आणि सभेने ती फेटाळली.

बी मात्र रुजले. कोपनहेगनने १९९५ साली एक हजार सायकली रस्त्यावर ठेवल्या. वीस क्रोनरचे नाणे कुलपात घातले की सायकल सुटे, ती जागेवर आणून लावली की नाणे परत मिळे; आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी, की तिचे सुटे भाग मुद्दाम निराळ्या मापाचे केलेले असल्यामुळे ते अन्य सायकलीस लागूच होत नसत. रोमच्या बाजारातील त्या पहाटेला शोभेल असे हे उत्तर होते. पॅरिसने २००७ साली याच मार्गावर बँकेच्या कार्डाची ओळख आणि दीडशे युरोंची अनामत यांची भर घातली, तरी दोन वर्षांत हजारो सायकली नाहीशा झाल्या. पुण्यातही २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात मोबाइल फोनने उघडणाऱ्या कुलपांच्या भाड्याच्या सायकली आल्या. मोडतोड, चोरी आणि दुर्लक्ष यांनी त्या थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. उपग्रह सायकलीचा ठावठिकाणा सांगतो, पण तो तिच्या मागे धावत नाही.

लोखंडाच्या बाजूनेही मोठी मजल मारली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. बॉस्टनजवळ जन्मलेले, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या वळणाचे पोलादी क्रिप्टोनाइट कुलूप १९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये खांबाला लावून महिनाभर सोडण्यात आले. महिन्याअखेर सायकलीचे सुटतील ते सारे भाग चोरांनी नेले होते, सांगाडा आणि कुलूप तेवढे शाबूत होते. २००४ साली त्याच घाटाच्या, गोल किल्लीच्या कुलपांना साध्या बॉलपेनची नळी दाबून फिरवली असता ती उघडतात असे दिसून आले, आणि कंपनीस ती मोठ्या प्रमाणावर बदलून द्यावी लागली.

आता पुण्याकडे वळू. सायकलींचे शहर म्हणून त्याचा लौकिक होता त्या काळात येथेही पालिकेचा सायकलकर होता, वर्षाचा आकडा ठोकलेला बिल्ला होता, आणि पुलाच्या तोंडाशी उभे राहून बिल्ला तपासणारे कर्मचारीही होते. पण राखणीचे खरे काम दुसरीकडे होत असे. भाड्याच्या सायकलीच्या दुकानदाराकडे एक चोपडी असे. तीत घेणाऱ्याचे नाव, पेठ आणि वेळ लिहिली जाई, आणि अनोळखी मुलाला कोणा परिचिताच्या शब्दावाचून सायकल मिळत नसे. प्रत्येक सायकलीच्या मागच्या मडगार्डवर दुकानाचे नाव व क्रमांक रंगवलेला असे, त्यामुळे ती दुसऱ्या पेठेत दिसली तरी कोणाची आहे हे पोरेसुद्धा सांगत. घरची सायकल घेणाराही रंगाऱ्याकडून चेनकव्हरवर आपले नाव घालून घेई. यातली कोणतीही गोष्ट शास्त्रज्ञाने शोधलेली नाही. परंतु स्किमेलपेनिंकचा पांढरा रंग आणि कोपनहेगनचे निराळे माप यांनी जे साधावयाचे होते, तेच हा रंगारी आपल्या कुंचल्याने साधीत होता.

आणि स्टँडवाला. चित्रपटगृहाच्या अंगणात, स्टेशनाबाहेर, मंडईपाशी ठेक्याने चालणारे हे स्टँड ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे तो माणूस उभा राहील: खांद्यावर तारेत ओवलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यांची माळ, एकाच आकड्याचे दोन बिल्ले, एक हँडलला अडकवावयाचा, दुसरा मालकाच्या तळहातावर ठेवावयाचा. मग मागचे चाक उचलून तो सायकल रांगेत अशी बसवी, की हँडल शेजारच्या हँडलात न गुंतता कॅरिअरला कॅरिअर लागे आणि मधली एक सायकल काढावयाची तर आधी बाजूच्या चार हलवाव्या लागत. ही दाटी गैरसोयीची खरी, पण तीच चोराची अडचण. खेळ सुटल्यावर शेकडो माणसे एकदम अंगावर आली तरी बिल्ल्यास बिल्ला जुळल्यावाचून चाक रांगेबाहेर पडत नसे. बिल्ला हरवलेल्या माणसास गर्दी ओसरेपर्यंत थांबावे लागे आणि शेवटी उरलेली सायकल आपली आहे हे खुणा सांगून पटवावे लागे. साऱ्या व्यवस्थेत कुलपाला जवळजवळ काही काम नव्हते. स्वयंचलित दुचाकी वाहने वाढली, स्टँडची जागा त्यांनी घेतली. सायकल लावायची तर कोठेतरी कठड्याशी टेकून ठेवण्याची पाळी आली. सायकलकर गेला हे गरिबाच्या दृष्टीने योग्यच झाले. पण त्याच्याबरोबर शहरातल्या सायकलींची एकमेव नोंदही गेली, आणि स्टँडवाला गेला तेव्हा त्यांच्यावरची नजर गेली.

ही नजर किती काम करते, हे न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या एका प्रयोगात मोजले गेले. आवारातील काही सायकलतळांवर त्यांनी रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे चित्र आणि सायकलचोरांवर नजर असल्याचा इशारा लावला. त्या तळांवरील चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. आणि जेथे चित्र नव्हते तेथे त्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. कागदी डोळ्यांनी चोर थांबला नाही, तो शेजारच्या तळावर गेला. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कलाविद्यालयातील अभिकल्पकांनी दुसरा धागा उचलला: लोक सायकल खांबाला प्रत्यक्षात कशी बांधतात याचे त्यांनी निरीक्षण केले, आणि बहुतेकजण केवळ वरची दांडी बांधतात व चाके मोकळी सोडतात असे आढळल्यावर, चाक व सांगाडा एकत्र बांधण्यावाचून गत्यंतर राहू नये अशा आकाराचे खांब घडवले. जपानने १९९४ पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी सक्तीची केली आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीवरून रस्त्यावरचा शिपाई मालकाचा शोध घेऊ शकतो. उट्रेख्ट स्थानकाखाली २०१९ साली पूर्ण झालेल्या साडेबारा हजार सायकलींच्या तळात तर स्टँडवालाच परत आला आहे, फक्त त्याच्या हाती पत्र्याच्या बिल्ल्यांऐवजी यंत्र आहे.

पुण्यात आज मेट्रोच्या स्थानकांशी सायकल लावू इच्छिणाऱ्यास बांधण्याजोगा खांब आणि पाहणारा माणूस, दोन्ही हवे आहेत. त्यांपैकी खांब निविदा काढून उभे राहतील, पण माणसाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून केली नाही तर ती होणार नाही. त्याच्या जोडीला जुन्या सायकलींचा व्यापार करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने सांगाड्याचा क्रमांक आणि विकणाऱ्याचे नाव चोपडीत लिहावे, असा हुकूम निघाला पाहिजे. नवी सायकल विकताना पावतीवर तो क्रमांक ठळक अक्षरांत छापला गेला पाहिजे. आणि हरवलेल्या क्रमांकांची यादी ठाण्याच्या दप्तरात न राहता जुन्या बाजारातील विक्रेत्यांपर्यंत दर आठवड्यास पोहोचली पाहिजे. बुधवारी आणि रविवारी तेथे सचोटीने दुकान मांडणाऱ्या विक्रेत्यांचीही त्यात सोय आहे, कारण चोरीचा माल घेतल्याचा संशय आजवर त्यांनाही तितकाच सोसावा लागला आहे.